तुरट ही चव नव्हेच!

पहिल्यांदा रेड वाइन पिणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: 'फारच ड्राय आहे बुवा.' ड्राय म्हणजे साखर जवळपास न उरलेली, एवढंच. त्याला म्हणायचं असतं की तोंड आवळून आलं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, तुरट. तो पुरेपूर कळायला 'ताना' नावाच्या द्राक्षाची वाइन चाखावी. (लिहिताना शेवटी ट असतो, फ्रेंच माणूस तो गिळतो.) हे द्राक्ष नैऋत्य फ्रान्समधल्या मादिराँचं. 19व्या शतकात ते उरुग्वेत गेलं आणि तिथलंच होऊन बसलं. पहिल्या घोटाला काळी फळं लागतात, पाठोपाठ हिरडा चघळल्यासारखं होतं.

हिरडा उगीच आठवला नाही. हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याने चामडं कमावतात, म्हणजे कातड्यातली प्रथिनं घट्ट बांधतात. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन आपल्या लाळेशी तेच करतं. लाळेतल्या काही प्रथिनांत प्रोलीन हे अमिनो आम्ल ठासून भरलेलं असतं. बहुतेक प्रथिनं घड्या घालून गोळा होऊन बसतात. प्रोलीन मात्र वळायला नाठाळ, त्यामुळे ही प्रथिनं सुटलेल्या दोऱ्यांसारखी सैल राहतात. टॅनिनच्या रेणूतली चपटी वलयं प्रोलीनच्या वलयांना बिलगतात, वर हायड्रोजन बंधांचे टाके पडतात. एकेका टॅनिनला असे अनेक हात, म्हणून ते दोन-तीन दोरे एकदम धरतं. त्यांचा गुंता होऊन साका बसतो. लाळेतलं वंगण गेलं की जीभ टाळूवर खरखरीत घासते.

म्हणजे तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे. षड्रसांत कषाय मोजणाऱ्यांनी रागावू नये, पण वरच्या ओठाच्या आत, जिथे चवकळ्या नसतात, तिथेही तो जाणवतो. घोट तिथे फिरवून बघा.

जीभ तयार करायची तर घाई नको. घोटामागून घोट घेतला की तुरटपणा चढत जातो. तिसऱ्या घोटाला वाइन तीच असते, लाळ मात्र सावरलेली नसते. मध्ये चीजचा तुकडा खाल्ला तर टॅनिनला दुधातलं केसीन हे प्रथिन सापडतं आणि लाळ वाचते. चहात दूध घालून आपण रोज हेच करतो.

'टॅनिन जास्त, म्हणून हृदयाला उत्तम' ही जाहिरातबाजी मात्र सोडून द्या. मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकतात, तसंच करावं. मग त्या थुंकलेल्या वाइनकडे जरा निरखून पाहा: त्यातले जांभळट तंतू म्हणजे टॅनिनने धरून आणलेली तुमचीच लाळ.