कनेक्टोममधील मायलिनमापन

मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतुमार्गांवर मायलिनचे (स्निग्ध पदार्थांच्या थरांचे) आवरण किती आहे, याचा एमआरआयवरून अंदाज घेऊन तो आकडा त्या जोडणीचे वजन म्हणून वापरण्याची पद्धत. कनेक्टोम म्हणजे मेंदूतील जोडण्यांचा नकाशा: करड्या द्रव्याचे विभाग हे त्यातले बिंदू, श्वेतद्रव्यातील तंतूंचे जुडगे या रेषा. रूढ नकाशात रेषेचे वजन म्हणजे संगणकाने आखलेल्या तंतुरेषांची संख्या. ही संख्या मार्गाची लांबी, त्याची वळणे आणि तंतुरेषा कुठून सुरू केल्या यांवर कमीजास्त होते. संदेश किती वेगाने जाईल, हे तिच्यावरून कळत नाही. वेग मुख्यतः अक्षतंतूची (चेतापेशीच्या संदेशवाहक धाग्याची) जाडी आणि मायलिन यांवर ठरतो.

विसरण एमआरआय पाण्याच्या रेणूंचे पसरणे मोजते. त्यातील दिशाधीनता, म्हणजे पाणी एका दिशेने अधिक पसरणे, हेच मायलिनचे माप, असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. गारफिश या माशाच्या गंधचेतेवर मायलिन नसते, तरी तिच्यात पाण्याचे विसरण स्पष्टपणे दिशाधीन असल्याचे 1994 मध्ये दाखवले गेले. पाण्याला दिशा देण्याचे काम अक्षतंतूची पटले एकटीही करतात. म्हणून मायलिनसाठी वेगळे स्कॅन घ्यावे लागते.

मायलिनच्या कोरड्या वजनात 70 टक्क्यांहून अधिक स्निग्ध पदार्थ असतात. त्यांतील हायड्रोजनचा संकेत मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात विझतो, त्यामुळे नेहमीच्या स्कॅनमध्ये तो टिपताच येत नाही. मग माहिती काढायची ती पाण्याकडून. मायलिनच्या थरांत अडकलेल्या पाण्याचा टी2 (संकेत विझण्याचा काळ) सुमारे 10 ते 40 मिलिसेकंद असतो, तर पेशींच्या आतील-बाहेरील पाण्याचा 60 ते 80. सुमारे 10 मिलिसेकंदांच्या अंतराने 32 प्रतिध्वनी (रेडिओ-स्पंदांनी पुन्हा उभे केलेले संकेत) घेऊन हे दोन गट वेगळे केले, की मायलिन-पाण्याचा वाटा मिळतो. निरोगी प्रौढाच्या श्वेतद्रव्यात तो साधारण 10 ते 15 टक्के भरतो. ही पद्धत मायलिनच्या सर्वांत जवळ जाते, पण संकेतातील गोंगाट तिला सोसत नाही. शिवाय 180 अंशांचा रेडिओ-स्पंद प्रत्यक्षात 160 अंशांचाच पडला, तर नको असलेले ‘उत्तेजित’ प्रतिध्वनी मिसळून संकेत विझण्याचा वक्र वेडावाकडा होतो. आकडेमोडीत स्पंदाचा खरा कोन धरावाच लागतो.

दुसरा मार्ग चुंबकन-स्थानांतरणाचा. पाण्याच्या वारंवारतेपासून 1 ते 2 किलोहर्ट्झ दूर स्पंद देऊन स्निग्ध रेणूंना संपृक्त करतात, म्हणजे त्यांचे चुंबकन दाबून टाकतात. ती संपृक्तता पाण्यात उतरते आणि संकेत घटतो. संकेत 1000 वरून 580 वर आला, तर स्थानांतरण-गुणोत्तर, म्हणजे घटीचा वाटा, 42 टक्के. येथेही स्पंदाची ताकद महत्त्वाची: ती 20 टक्के कमी पडली, तर संपृक्त करणारी शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटून 64 टक्केच उरते. 3 टेस्ला चुंबकक्षेत्राच्या यंत्रात एवढा फरक डोक्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सहज पडतो. तिसरे माप आर1, म्हणजे टी1 (चुंबकन पूर्ववत होण्याचा काळ) याचा व्यस्तांक. ते लवकर मिळते आणि पुन्हा मोजले तरी बऱ्यापैकी स्थिर राहते, पण लोह आणि पाण्याचे प्रमाणही त्यात उतरते.

यांतील एखादा नकाशा हाती आला, की त्याच व्यक्तीच्या, ज्यावरून तंतुरेषा आखतात त्या विसरण स्कॅनमधील स्थानविकृती उलट दिशेने घेतलेल्या प्रतिमेच्या मदतीने काढतात आणि दोन्ही एकमेकांवर बसवतात. मेंदूचे समजा 68 विभाग केले, तर शक्य जोड्या 2278. प्रत्येक जोडीमधील तंतुरेषांवर ठिकठिकाणी मायलिनची किंमत वाचून मध्यक घेतात. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण रेषेची टोके करड्या द्रव्यात शिरतात आणि मस्तिष्कद्रवाच्या कडेचे ठोकळे (प्रतिमेचे सूक्ष्म घन) आकडा खाली ओढतात. नकाशा ताणून त्याचे आकडे नव्या ठोकळ्यांत पुन्हा काढण्याऐवजी रेषाच त्यावर नेऊन ठेवल्या, तर बारकावे कमी पुसले जातात.

खरी अडचण तंतू एकमेकांना छेदण्याची आहे. सेंट्रम सेमिओव्हेल या मेंदूच्या वरच्या श्वेतद्रव्यातील 2 मिलिमीटर बाजूचा एकच ठोकळा घ्या. त्यातून दोन मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचे आडवे तंतू, मज्जारज्जूकडे उतरणारे तंतू आणि पुढून मागे जाणारा लांब जुडगा असे तिघे जातात, पण मायलिनचा आकडा एकच मिळतो. साध्या पद्धतीत तो तिघांच्याही नावावर चढतो, त्यामुळे जोडण्यांमधला फरक बोथट होतो. सर्व रेषा मिळून प्रत्येक ठोकळ्यातील मायलिनची बेरीज जुळली पाहिजे, अशी अट घालून एकेका रेषेचा वाटा सोडवणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मात्र मुळात खोट्या रेषा आखल्या गेल्या असतील, तर मायलिनचा हिस्सा त्यांच्याकडेही जातो.

जाळ्याचे गुणधर्म काढताना आणखी एक काळजी घ्यावी. रेषांच्या संख्येत हजारपटींचा फरक असू शकतो, आर1 मात्र अरुंद पट्ट्यातच फिरतो. त्यामुळे वजन दिले तरी निकाल बऱ्याच अंशी ‘जोडणी आहे की नाही’ यावरच ठरतो. जोड्यांच्या तक्त्यात जोडणी नसलेल्या घरात शून्य भरून सरासरी काढणे ही तर सरळ चूक. तेथे मायलिन शून्य नसते, माप घ्यायला मार्गच सापडलेला नसतो.

मायलिनचे आकारमान आणि अक्षतंतूंचे आकारमान दोन्ही माहीत असल्यास जी-गुणोत्तर, म्हणजे आतील व्यास भागिले बाहेरील व्यास, काढता येते. ठोकळ्याच्या आकारमानात मायलिनचा वाटा 0.30 आणि अक्षतंतूंचा 0.35 असेल, तर ते सुमारे 0.73 येते. पण हा ठोकळ्याचा एकत्रित आकडा असतो, एका तंतूचा नव्हे.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन नष्ट करणाऱ्या आजारात सूज आली, की पाणी वाढल्यानेच मायलिन-पाण्याचा वाटा आणि स्थानांतरण-गुणोत्तर ही दोन्ही मापे उतरतात, मायलिन शाबूत असले तरी. उलट नुकत्याच तुटलेल्या मायलिनचे तुकडे साफ होईपर्यंत त्यांतील पाणी मायलिनचे म्हणूनच मोजले जाते.