वेगवान गोलंदाजांची तुलना आणि क्रमवारी

कसोटी क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजांना एकाच मापाने मोजून त्यांचा क्रम लावण्याची रीत. त्यासाठी मुख्यतः तीन आकडे वापरतात: सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा), स्ट्राइक रेट (एका बळीमागे टाकलेले चेंडू) आणि इकॉनॉमी (सहा चेंडूंमागे दिलेल्या धावा). हे तिन्ही एकमेकांपासून सुटे नाहीत. स्ट्राइक रेटला इकॉनॉमीने गुणून सहाने भागले की सरासरीच हाती येते. त्यामुळे तिन्हींना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करणारी यादी एकच गोष्ट दोनदा मोजत असते. पुण्याच्या कट्ट्यांवर निम्मे वाद इथेच अडकतात. मत मांडायला छेद लागत नाही, सरासरी काढायला लागतो.

सरासरीतला फरक केवढा असतो, हे वेस्ट इंडीजच्या एका जोडीवरून कळते. माल्कम मार्शलचे 81 कसोटींत 376 बळी, सरासरी 20.94. कर्टली अँब्रोजचे 98 कसोटींत 405 बळी, सरासरी 20.99. मधे त्यांचाच जोएल गार्नर आहे: 58 कसोटी, 259 बळी, 20.97. यादीत हे तिघे एकाखाली एक दिसतात. पण अँब्रोजने साऱ्या कारकिर्दीत 8501 धावा दिल्या. त्यातल्या 18 कमी दिल्या असत्या तर तो मार्शलच्या वर गेला असता. अठरा धावा म्हणजे स्लिपमधून गेलेले चार-पाच चौकार. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावरून क्रम ठरवणे म्हणूनच पोरकट ठरते. शिवाय काही नोंदींत पुढचे अंक नुसते तोडतात, काहींत जवळच्या अंकाला नेतात. मार्शल कुठे 20.94 तर कुठे 20.95 दिसतो तो त्यामुळे.

खरा भेद स्ट्राइक रेटमध्ये आहे. मार्शलला एका बळीसाठी 47च्या आत चेंडू लागत, अँब्रोजला 54हून जास्त. अँब्रोजने ती तूट धावा रोखून भरून काढली. दक्षिण आफ्रिकेचा डेल स्टेन दुसऱ्या टोकाला आहे: 439 बळी, सरासरी 22.95, पण स्ट्राइक रेट 42.3. ज्या संघाला वीस बळी लवकर हवेत तो स्टेनला घेईल. ज्याच्या दुसऱ्या टोकाला आक्रमक गोलंदाज आहे, त्याला अँब्रोज सोयीचा.

किमान मर्यादा

यादी करण्याआधी किती बळी घेतलेले गोलंदाज धरायचे हे ठरवावे लागते. प्रघात 200 बळींचा आहे. मर्यादा खाली आणली की न्यूझीलंडचा शेन बाँड (18 कसोटी, 87 बळी, सरासरी 22.09) स्टेनच्या पुढे जाऊन बसतो, आणि दुखापतींनी ग्रासलेल्या त्याच्या छोट्या कारकिर्दीला उतरता काळच आला नाही हे झाकले जाते. उलट मर्यादा फार वर नेली की टिकून राहण्यालाच बक्षीस मिळते. जेम्स अँडरसनचे 188 कसोटींत 704 बळी हा वेगवान गोलंदाजांतला विक्रम आहे. सरासरी मात्र 26.45. चालू कारकीर्द हा तिसरा पेच. जसप्रीत बुमराने डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नला 200 बळी पूर्ण केले तेव्हा त्याची सरासरी विसाच्या आत होती, जे त्याआधी कुणालाही जमले नव्हते. पण पस्तिशीनंतर खांदा आणि पाठ बोलू लागतात. त्या वर्षांतले महागडे बळी निवृत्तांच्या सरासरीत आधीच धरलेले आहेत, बुमराच्या सरासरीत ते यायचे आहेत.

काळ आणि खेळपट्टी

इंग्लंडच्या जुन्या गोलंदाजांत जॉर्ज लोहमनची सरासरी 10.75 आणि सिडनी बार्न्सची 16.43. दोघे उघड्या, पावसात भिजणाऱ्या खेळपट्ट्यांवर खेळले. त्यांना आजच्या गोलंदाजांशेजारी ठेवायचे तर एकच रास्त मार्ग आहे: गोलंदाजाच्या सरासरीला त्याच सामन्यांतल्या इतर सर्व गोलंदाजांच्या सरासरीने भागायचे. समजा, एकाची सरासरी 22 आणि इतरांची 32, तर गुणोत्तर 0.69. दुसऱ्याची 20 आणि इतरांची 26, तर 0.77. कच्च्या आकड्यात दुसरा पुढे, प्रत्यक्षात पहिला सरस. याच हिशेबाने लोहमनचे तेज बरेच उतरते, तरी तो आपल्या काळात चांगलाच होता हे उरतेच.

जुने आकडे उचलताना दोन खाचखळगे आहेत. ऑस्ट्रेलियात 1978-79 पर्यंत आठ चेंडूंचे षटक होते, म्हणून षटके न मोजता चेंडू मोजावेत. दुसरे, 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यात लागत नसत. त्याआधीच्यांना तेवढी सूट फुकट मिळालेली आहे.

चेंडूही एकसारखे नाहीत. इंग्लंडमधला ड्यूक बराच वेळ स्विंग होतो, ऑस्ट्रेलियातला कुकाबुरा शिवण दबली की निमूट पडतो, आणि भारतातला एसजी शिवणीला उठावदार असला तरी कोरड्या मैदानावर लवकर खरवडतो. मग रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू नेहमीच्या उलट दिशेला वळणे) येत असेल तरच वेगवान गोलंदाजाला काम उरते.

म्हणून परदेशातली, विशेषतः आशियातली कामगिरी वेगळी काढून पाहतात. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीचे 70 कसोटींत 355 बळी आहेत, पण 1980च्या पाकिस्तान दौऱ्यात तीन कसोटींत त्याला तीनच मिळाले आणि भारतात तो कसोटी खेळलाच नाही. याउलट मार्शलने 1983-84 मध्ये भारतात सहा कसोटींत 33 बळी घेतले, स्टेनने 2010 मध्ये नागपूरला 51 धावांत 7. कपिल देवची बाजू इथे सावरते. एकूण सरासरी 29.64, पण ऑस्ट्रेलियात 11 कसोटींत 51 बळी, सरासरी 24.58. कारकिर्दीतल्या निम्म्या कसोटी घरच्या मंद खेळपट्ट्यांवर टाकाव्या लागल्याची किंमत या फरकात दिसते.

गहुंजे

एका मैदानावरून गोलंदाज का जोखू नये, याला पुण्याजवळचे गहुंजे हे चांगले उदाहरण आहे. फेब्रुवारी 2017 मधील तिथल्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने फिरकीवर 70 धावांत 12 बळी घेतले. आयसीसीने खेळपट्टी खराब ठरवली. त्याच कसोटीच्या पहिल्या डावात भारताच्या उमेश यादवने 32 धावांत 4 बळी काढले होते, हे लक्षात राहत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध भारताला मिळालेल्या वीस बळींपैकी 19 फिरकीला गेले, एक धावबाद झाला. बुमरा रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी मेलबर्नला तो विसाच्या आतल्या सरासरीने 200 पार झाला.

साथीदारांचा वाटा

मार्शलच्या दुसऱ्या टोकाला गार्नर, होल्डिंग यांच्यासारखे होते. फलंदाजाला उसंत नसे, पण बळीही वाटले जात. न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीला तशी साथ क्वचितच होती. 86 कसोटींत 431 बळी, डावात पाच बळी 36 वेळा, आणि परदेशातली सरासरी घरच्यापेक्षा किंचित चांगली. एकट्याने ओझे वाहण्याला जास्त मोल दिले तर हॅडली पहिला येतो.

शिखर मोजणारी आयसीसीची गुणपद्धत वेगळे चित्र देते: बार्न्स 932, इम्रान खान 922, ग्लेन मॅग्रा 914. हे एका क्षणीचे सर्वोच्च गुण आहेत, कारकिर्दीचे नव्हेत. वेगाचा तर यादीशी फार कमी संबंध आहे. शोएब अख्तरचा 161.3 किलोमीटरचा चेंडू (विश्वचषक, 2003) विक्रम आहे. मॅग्रा त्याच्यापेक्षा खूप हळू टाकत असे आणि 563 बळी घेऊन गेला. एकदिवसीय सामन्यांची यादी वेगळीच करावी. तिथे वासिम अक्रमचे 502 बळी आणि जुन्या चेंडूचे यॉर्कर यांना डावलता येत नाही.

सगळे निकष लावून मार्शल पहिला ठरतो: सरासरी, स्ट्राइक रेट, भारतातली कामगिरी, तिन्ही ठिकाणी तो वरच्या फळीत आहे आणि कुठेच पडत नाही. 1984 मध्ये हेडिंग्लेला डाव्या अंगठ्याला प्लॅस्टर असताना त्याने 53 धावांत 7 बळी घेतले. त्याच्यामागे मॅग्रा, हॅडली, अँब्रोज, स्टेन. या चौघांचा क्रम निकषागणिक बदलतो.

महाराष्ट्राकडून खेळलेल्या पांडुरंग साळगावकरांची गणना 1970च्या दशकात देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांत होई. प्रथम श्रेणीत दोनशेहून अधिक बळी, पण कसोटी एकही नाही. कसोटीच्या आकड्यांवर बेतलेल्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव येत नाही.