‘ताजं’ सिलिकॉन म्हणजे नेमकं कधीचं?

दुर्बिणीचा आरसा सिलिकॉनने, म्हणजे घट्ट होऊन रबरासारख्या होणाऱ्या गोंदाने, चिकटवायचा तर ‘ताजं वापरा’ असा सल्ला हमखास मिळतो. पण आधी थोडं मागे जाऊ. १६६८ साली पहिली परावर्ती, म्हणजे आरशाने प्रकाश गोळा करणारी, दुर्बीण तयार झाली, तेव्हा आरसा तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा होता. तो काळवंडायचा, मग काढून पुन्हा घासायचा. १८५० च्या दशकात काचेवर चांदी चढवायला लागले, पण चांदीही काळी पडायची. जे सतत काढावं लागतं ते कोणी कायमचं चिकटवत नाही, त्यामुळे आरसा बहुधा चिमट्यांत किंवा डबीत बसवलेला असे. १९३० च्या दशकात निर्वात पात्रात अ‍ॅल्युमिनियमचा लेप देता यायला लागला आणि आरसा वर्षानुवर्षं जागच्या जागी राहू लागला.

घरगुती दुर्बिणीत चिकटवणं रुळलं ते नंतर, हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होणारं तयार सिलिकॉन सर्रास मिळू लागल्यावर. त्याच सुमारास लाकडी खोक्यावर फिरणाऱ्या डॉब्सोनियन दुर्बिणी लोकप्रिय होत गेल्या. दुय्यम आरशाच्या (मुख्य आरशाकडून आलेला प्रकाश बाजूला वळवणाऱ्या छोट्या आरशाच्या) पाठीवर तीन गोळे, आरसा आणि त्याचा धातूचा धारक यांच्यामध्ये आगपेटीच्या काड्या घालून दोन-तीन मिलिमीटरची फट, सिलिकॉन घट्ट झालं की काड्या बाहेर, ही रीत आज सगळ्यांना पाठ आहे. फट कशाला, याला कारण आहे. पारा २० अंश उतरला तर ५० मिमी अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन आकसतं, बोरोसिलिकेट काच जेमतेम तीन. मधला वीस मायक्रॉनचा फरक रबरासारख्या जाड थराने सोसायचा. कडक होणारं इपॉक्सी गोंद तो सोसत नाही, आरशालाच पिळतं आणि तारे लांबुळके दिसतात.

आता ‘ताजं’. ते वापरा असा सल्ला सगळे देतात, पण प्रत्येकाच्या मनातली तारीख वेगळी. कोणी खरेदीची धरतो, कोणी झाकण उघडल्याची. माझ्या मते पहिली तारीख उत्पादनाची, कारण न उघडलेली नळीही म्हातारी होते. प्लॅस्टिकच्या भिंतीतून ओलावा हळूहळू झिरपतो आणि सिलिकॉनच्या रेणूंच्या साखळ्या जोडून ते घट्ट करणारा घटक आतल्या आत खर्ची पडतो. त्यातून एक तर नळीत गोटा होतो, तो निदान दिसतो तरी. किंवा सिलिकॉन नेहमीसारखं बाहेर येतं, वर साय धरतं, आणि आत चिकट लगदाच राहतो. फसवतं ते हे दुसरं. उघडलेल्या नळीच्या तोंडाशी जमलेलं बूच उपटून ‘आतलं चांगलंय’ म्हणणारे आपण सगळेच.

त्यात काच आणि धातू यांच्यामध्ये दाबलेल्या गोळ्याला ओलावा फक्त कडेने मिळतो. चांगलं सिलिकॉन पहिल्या दिवशी दोन-तीन मिमी घट्ट होतं, पण पुढे वेग मंदावतो: खोली चौपट तर वेळ साधारण सोळा पट. म्हणजे २० मिमी व्यासाच्या गोळ्याचा मध्यभाग दोन आठवडे कच्चा. अर्ध्या वापरलेल्या नळीने मी एकदा आरसा लावला, तीन दिवसांनी कडा बोटाने दाबून पाहिल्या, घट्ट होत्या. चौथ्या रात्री तो सुटून थेट मुख्य आरशावर पडला. गोळा उलगडून पाहिला तर आत ओलसर, आणि घट्ट होताना येणारा व्हिनेगरचा वास तसाच. आरशाच्या कडेचा टवका अजून आहे. तेव्हापासून आरशाच्या पाठीला एक सैल दोराही असतो.

जोराचा मात्र प्रश्न नाही. ५० मिमीचा, १० मिमी जाड दुय्यम आरसा साठ-पासष्ट ग्रॅमचा, आणि पूर्ण पिकलेलं सिलिकॉन दर चौरस सेंटीमीटरला काही किलो पेलतं. तरी चर्चा नेहमी ‘जास्त मजबूत’ कोणतं यावर घसरते.

आणखी एक घोळ ‘आरशासाठी’ असं छापलेल्या नळ्यांचा. ते शब्द घरातल्या आरशांसाठी असतात. त्यांचा मुलामा पाठीवर असतो आणि व्हिनेगरच्या वासाच्या सिलिकॉनमधून सुटणारं आम्ल तो खाऊ शकतं. दुर्बिणीच्या आरशाचा लेप पुढे, गोंद मागे उघड्या काचेला. आम्ल सुटणारं चालतं की नाही यावर दोन तट आहेत. मी बिनवासाचं घेतो, कारण धारक धातूचा असतो आणि तोही गंजू शकतो.

मी लावण्याआधी त्याच नळीचा एक गोळा काचेचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी यांच्यात दाबून ठेवतो. दोन आठवड्यांनी उचकटायचा. रबर फाटलं तर नळी चांगली. काचेवरून सालीसारखं सोलून निघालं तर काच पुसून पुन्हा, आणि तरी तसंच झालं किंवा आत लगदा निघाला तर नळी कचऱ्यात.