मानण्याआधीचे ‘नाही’

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांपैकी अनेकांना शाळेत एक निबंध लिहावा लागतो. तुम्ही मनापासून काय मानता ते सुमारे पाचशे शब्दांत सांगा आणि स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग घेऊन सांगा. सोबतच्या सूचनांत बहुधा हेही असते की काय मानत नाही ते लिहू नका, काय मानता तेवढेच लिहा. वर्गात ही अट साधी शिस्तीची वाटते. तिच्यामागे मात्र सत्तर वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि मराठीतले याच जातीचे लेखन शोधत गेलो तर ते नेमके उलट्या टोकाने सुरू झालेले दिसते.

अमेरिकेतली गोष्ट रेडिओची आहे. ‘धिस आय बिलीव्ह’, म्हणजे ‘मी हे मानतो’, हा कार्यक्रम १९५१ साली सीबीएस रेडिओवर सुरू झाला. त्यामागे वॉर्ड व्हीलॉक हा फिलाडेल्फियाचा जाहिरात व्यावसायिक होता आणि आवाज होता एडवर्ड मरो यांचा. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना तिथून बातम्या देणारे हेच मरो. कार्यक्रम पाच मिनिटांचा, त्यात पाहुण्याच्या वाट्याला जेमतेम साडेतीन. तेवढ्यात माणसाने आपण कोणत्या गोष्टींच्या आधाराने जगतो ते सांगायचे. हेलन केलर बोलल्या, एलिनॉर रूझवेल्ट बोलल्या. पण बँकवाला असो की खाटीक, चित्रकार असो की समाजसेवक, एकच गोष्ट समान हवी, ती म्हणजे सचोटी, असे मरो प्रास्ताविकातच सांगत.

तो काळ कसला होता हे विसरून चालत नाही. सोव्हिएत रशियाने १९४९ मध्ये अणुचाचणी केली होती, कोरियात युद्ध पेटले होते आणि सिनेटर मॅकार्थी जागोजागी कम्युनिस्ट शोधत फिरत होते. डिसेंबर १९५० मध्ये खुद्द सीबीएसने आपल्या कर्मचाऱ्यांकडून निष्ठेची प्रश्नावली भरून घेतली. तुम्ही अमुक पक्षाचे सभासद आहात का, होतात का, हो किंवा नाही लिहा आणि सही करा. माणसाच्या मनातल्या गोष्टीचा असा अर्ज झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रेडिओवरून लोक आपापल्या शब्दांत, कोणी जबाब न मागता, काय मानतो ते सांगू लागले. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे फार महत्त्वाचे वाटते. विश्वास वदवून घेणे आणि विश्वास सांगणे यांतला सगळा फरक त्यात आहे.

लेखकांना जे निमंत्रणपत्र जाई त्यातच ती अट होती. प्रवचन नको, कोणाकडे बोट दाखवणे नको. पुढे तर असेही म्हटले होते की तुमचा विश्वास एकेक गोष्ट नाकारत नाकारतच तुम्हाला स्पष्ट झाला असेल, हे आम्हाला ठाऊक आहे, तरीही नकारार्थी विधाने टाळा, नाहीतर हा कार्यक्रम दुसऱ्यांच्या श्रद्धांवर टीका करण्याची जागा होईल. पत्र लिहिणाऱ्याला नकाराचे मोल माहीत होते. त्या विखारी दिवसांत त्याने तो मुद्दाम दाराबाहेर ठेवला. कारण पटण्यासारखे आहे.

पण बाहेर ठेवलेला नकार खिडकीतून आत येतोच. जॅकी रॉबिन्सन या बेसबॉलपटूचा निबंध घ्या. १९४७ साली अमेरिकेच्या मुख्य लीगमधली वर्णभेदाची भिंत त्याने ओलांडली. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजच्या सुरुवातीला राष्ट्रगीत वाजले, तेव्हा ते इतर कोणाइतकेच आपल्यासाठीही वाजते आहे असे त्याला जाणवले, असे तो सांगतो. वाक्य होकाराचे आहे. तरी ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उठतोच, मग आधी ते कोणासाठी वाजत होते? हा न विचारलेला प्रश्न त्या निबंधाचा कणा आहे.

कार्यक्रम १९५५ मध्ये थांबला. पुढे पन्नास वर्षांनी, २००५ मध्ये, डॅन गेडिमन आणि जे ॲलिसन यांनी तो नॅशनल पब्लिक रेडिओवर पुन्हा सुरू केला आणि २००९ पर्यंत चालवला. श्रोत्यांनी लाखाहून अधिक निबंध पाठवले, शाळा-कॉलेजांनी तो प्रकार अभ्यासाला घेतला आणि जुन्या पत्रातली अट अशी वर्गावर्गांत पोहोचली.

आता आपल्याकडे. ‘निबंध’ हा शब्दच मोठा बोलका आहे. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे स्मृती-पुराणांतली वचने गोळा करून काय करावे आणि काय करू नये याचा निर्णय देणारा ग्रंथ. कमलाकरभट्टांचा १६१२ चा निर्णयसिंधू हा निबंध, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यांचा अठराव्या शतकाच्या शेवटचा धर्मसिंधूही निबंधच. तिथे ‘मला काय वाटते’ याला आधार वचनाचा. ‘मी’ला तशी जागा नाही.

संतांनी ती जागा केव्हाच केली होती. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ ही तुकोबांची ओळ आज व्याख्यानांत इतकी वापरली जाते की तिची धार लक्षात येत नाही. साक्षीदार कोण, तर स्वतःचे मन. आणि त्या साक्षीनंतर येणारे क्रियापद आहे ‘मानियेले नाही’.

गद्यात हे घडले ते १८५५ मध्ये, आणि घडवले एका विद्यार्थिनीने. मुक्ता साळवे, मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली, वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत छापला. हे नियतकालिक अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगरला सुरू केलेले.

तो निबंध मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्यातल्या तर्काची सरळ रेघ पाहून थक्क होतो. वेद ब्राह्मणांचेच आहेत असे ब्राह्मण म्हणतात. मग ते आमचे नाहीत. म्हणजे आम्हाला धर्मपुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित. इथवर आल्यावर ती देवालाच विचारते की तुझ्याकडून आलेला धर्म कोणता तो आम्हाला कळव. आणि ज्या धर्माचा लाभ एकानेच घ्यावा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत राहावे, तो धर्म पृथ्वीवरून नष्ट होवो, त्याचा अभिमान बाळगावा असे आमच्या मनातसुद्धा न येवो, असे मागते.

नुसता तर्क असता तर ते वादाचे टिपण झाले असते. मुक्ता प्रसंग सांगते. आमच्या बायकांना बाळंत होताना डोक्यावर छप्परसुद्धा नसते, थंडी, पाऊस आणि वारा यांत त्यांचे काय होत असेल, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असे ती वाचणाऱ्याला सांगते. आजच्या सूचनांत ‘स्वतःचा प्रसंग लिहा’ असे असते. या मुलीला ते कोणी शिकवले होते? शेवटी ती आपल्याच माणसांकडे वळते. तुम्ही दुखणाईत आहात, ज्ञानाचे औषध घ्या, म्हणते. हा तिचा होकार. निबंधाच्या अखेरीस येतो आणि म्हणून पेलतो. ज्या निबंधग्रंथांना तिला हात लावता आला नसता, त्यांचेच नाव तिच्या लेखनाला मिळाले.

त्यानंतर या वाटेवर बरेच जण आले. आगरकरांनी एम.ए. होण्याच्या सुमारास आईला लिहिलेले पत्र हा असाच एक छोटा निबंध आहे. मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल, असे मनोरथ तू करत असशील, पण पोटापुरते घेऊन बाकीचे आयुष्य मी लोकांच्या कामाला देणार आहे, असे त्यात आहे. इथेही आधी आईच्या स्वप्नाला नाही म्हणावे लागले. पुढे पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी ते गेले, तोवर पत्रातला शब्द त्यांनी मोडला नव्हता.

मरोंचा कार्यक्रम अमेरिकेत चालू होता त्याच काळात, ३ ऑक्टोबर १९५४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आकाशवाणीवरून ‘माझे तत्त्वज्ञान’ या विषयावर बोलले. तेही रेडिओवर, तेही थोडक्यात, तेही ‘मी’ म्हणून. प्रत्येक माणसाला जीवनाचे तत्त्वज्ञान हवे, कारण आपले वर्तन मोजायला प्रत्येकाजवळ माप हवे, अशी सुरुवात. मग लगेच नकार: भगवद्गीतेतले त्रिगुणांवर, म्हणजे सत्त्व, रज आणि तम यांवर, उभे असलेले सामाजिक तत्त्वज्ञान मी नाकारतो. नंतर होकार, तीन शब्दांत: स्वातंत्र्य, समता, बंधुता. आणि पुन्हा एक नकार: हे शब्द मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतले असे कोणी म्हणू नये, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून मी ते घेतले आहेत.

त्या निमंत्रणपत्राच्या कसोटीवर हे भाषण परत पाठवावे लागले असते. पण त्यातले नकार काढून पाहा. मग उरतात ते तीन शब्द, जे राज्यघटनेच्या उद्देशिकेत तेव्हाही होते आणि कोणीही म्हणू शकत होते. ते बाबासाहेबांचे होतात ते आजूबाजूच्या ‘नाही’मुळे. भारतीय माणूस दोन विचारसरणींखाली जगतो, एक घटनेतली, ही तीन मूल्ये मानणारी, आणि दुसरी समाजातली, ती नाकारणारी, असे त्याच भाषणात ते सांगतात. ज्या समाजात नकार आधीच वरून लादलेला आहे तिथे होकार म्हणायचा तर त्या नकाराला नकार देणे भाग असते. सीबीएसच्या श्रोत्यांपुढे जो सावधपणा शहाणपणाचा होता, तो इथे लेखकाचे तोंड बंद करणारा ठरला असता.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो लोकांनी त्यांच्यामागून २२ प्रतिज्ञा म्हटल्या. पहिलीतच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना ‘देव मानणार नाही’ असे शब्द आहेत. पहिल्या आठही प्रतिज्ञा काही ना काही नाकारतात. नववी येते तेव्हा लोक म्हणतात, सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मी मानतो.