चित्र दिसतेय, पण काढतेय कोण? ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनच्या तपासणीची पार्श्वभूमी

पुण्यातल्या टिळक रोडवरच्या दुकानातून असेंबल करून आणलेला पीसी घरी जोडला, विंडोज उघडले, वॉलपेपर झळकला, की बहुतेकांच्या लेखी ग्राफिक्स कार्ड ‘चालू’ झालेले असते. त्या क्षणी खरे तर एवढेच कळते की मॉनिटरपर्यंत सिग्नल पोचतो आहे. कार्डावरची चिप राबते आहे (यालाच ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात) की तिचे काम प्रोसेसर मुकाट्याने ओढतो आहे, हे पडद्याकडे पाहून समजत नाही. पीसीची घडणच गेली जवळपास चाळीस वर्षे अशी होत गेली, की कार्डाने हात टेकले तरी चित्र येतच राहावे.

चित्राचे काम वेगळ्या कार्डावर सोपवणे पुण्याला नवे नाही. १९८८ मध्ये इथे स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुढे नेत जिस्ट कार्ड आणले. पीसीच्या स्लॉटमध्ये ते बसवले की डॉसच्या साध्या अक्षरी प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. कार्ड बिघडले तर देवनागरी गायब. वेगळी तपासणी कशाला लागतेय!

व्हीजीए या चित्र दाखवण्याच्या मानकाचे तसे नव्हते. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ यंत्रांबरोबर ते आणले: ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. बाकीच्यांनी त्याची नक्कल केली आणि एक अलिखित करार होऊन बसला, की कोणतेही कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) नसला तरी, निदान व्हीजीए म्हणून वागेल. सोय मोठी होती, कारण ड्रायव्हरची फ्लॉपी घालायलाही आधी पडदा दिसावा लागतो. बिघाड झाकला जाण्याची सुरुवातही इथेच झाली. १९९१ मध्ये एस३ कंपनीची ९११ चिप आली. चौकटी सरकवणे, रेषा ओढणे, रंग भरणे ही विंडोजची कामे ती प्रोसेसरकडून काढून घेई. तिचा ड्रायव्हर नसला तर विंडोज चालायचेच, फक्त रेंगाळत.

त्रिमितीच्या पहिल्या लाटेत बिघाड पुन्हा उघड दिसू लागला. १९९६ चे ३डीएफएक्सचे वूडू कार्ड फक्त त्रिमिती चित्रे काढायचे. साधे कार्ड वेगळेच ठेवावे लागे आणि त्याचा सिग्नल मागच्या बाजूने एका आखूड केबलने वूडूतून फिरवून मॉनिटरला द्यावा लागे. गेम सुरू होताच काही कार्डांवरचा रिले ‘टक्’ वाजायचा. तो आवाज हीच तपासणी. त्याच सुमाराच्या एस३ व्हर्ज कार्डाला मात्र लोकांनी ‘डीसेलरेटर’ असे नाव ठेवले होते, कारण त्रिमितीच्या सगळ्या सोयी चालू केल्या की काही गेम प्रोसेसरपेक्षाही हळू चालत. अ‍ॅक्सिलरेशन चालू असणे आणि त्याचा उपयोग होणे यांतला हा फरक आजही विसरू नये.

मग प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्यातले दुवे आले: ओपनजीएल १९९२ चे, डायरेक्ट३डी १९९६ चे. दोन्हींमुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कार्ड कोणते याची चिंता उरली नाही, आणि वापरणाऱ्याला ते कळण्याची वाटही उरली नाही. म्हणून डीएक्सडायग हे विंडोजचे तपासणीचे साधन आले. त्याच्या डिस्प्ले पानावर डायरेक्टड्रॉ, डायरेक्ट३डी आणि एजीपी टेक्श्चर अशा तीन ओळींपुढे ‘एनेबल्ड’ आहे का, एवढे पाहायचे. विंडोज एक्सपीच्या काळात ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ची सरकपट्टीही होती. पडदा फडफडला की कुणीतरी ती डावीकडे ओढायचे आणि परत उजवीकडे न्यायला विसरायचे.

सगळे खऱ्या अर्थाने बदलले ते डेस्कटॉपच कार्डावर काढला जाऊ लागल्यावर. २००७ च्या विंडोज व्हिस्टात एअरो हे डेस्कटॉपचे असे रूप आले. २०१२ च्या विंडोज ८ पासून डेस्कटॉप असा काढणे बंद करण्याची सोयही गेली. मग ड्रायव्हर नसलेल्या यंत्राचे काय? त्यासाठी वॉर्प, म्हणजे डायरेक्ट३डीचे सगळे काम प्रोसेसरवर करणारा भाग, विंडोजमध्येच ठेवलेला आहे. त्यामुळे आज ड्रायव्हर नसला तरी खिडक्या सावलीसकट सरकतात. पकडायची खूण नावात असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडाप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ दिसले, तर कार्ड कितीही महागाचे असो, ते नुसते चित्र पोचवते आहे. २०१७ पासून विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या चिपचा, आलेख आहे. तो दिसतच नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही किंवा फार जुना आहे. ही पाहणी यंत्रासमोर बसूनच करावी. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवरून पाहिले तर काही प्रोग्रॅम भलत्याच अ‍ॅडाप्टरचे नाव सांगतात.

लिनक्सवर हीच गोष्ट घडली, पण जास्त फसवी. मेसा हे ओपनजीएलचे मुक्त रूप १९९५ मध्ये प्रथम खुले झाले, तेव्हा सगळे गणित प्रोसेसरवरच व्हायचे. २००० मध्ये पडदा सांभाळणाऱ्या एक्सफ्री८६ च्या ४.० आवृत्तीत डीआरआय ही सोय आली आणि प्रोग्रॅमला थेट कार्डाशी बोलता येऊ लागले. तेव्हापासून जीएलएक्सइन्फो ही माहिती देणारी आज्ञा चालवून ‘डायरेक्ट रेंडरिंग: येस’ ही ओळ शोधायची रीत पडली. जुन्या मार्गदर्शकांत आजही तेच लिहिलेले सापडते, आणि आज ते अपुरे आहे. २०११ च्या ग्नोम ३ या डेस्कटॉपला त्रिमिती लागायची. ज्या यंत्रांवर ती नव्हती त्यांच्यासाठी २०१२ च्या फेडोरा १७ या लिनक्स वितरणाने डेस्कटॉप एलएलव्हीएमपाइप या मेसाच्या भागावर, म्हणजे प्रोसेसरवर, चालवून दाखवला. एलएलव्हीएमपाइप असतानाही ती ओळ ‘येस’च म्हणते.

म्हणून मेसा-यूटिल्स पॅकेज बसवून जीएलएक्सइन्फो ही आज्ञा मोठ्या बी अक्षराच्या पर्यायासह द्यावी आणि ‘ओपनजीएल रेंडरर’ ही ओळ वाचावी. तिथे रेडिऑन, जीफोर्स किंवा इंटेलचे नाव हवे. मेसाच्या ड्रायव्हरवर ‘अ‍ॅक्सिलरेटेड’ अशी वेगळी ओळही येते. एलएलव्हीएमपाइप दिसले तर पहिला संशय नोमोडसेटवर घ्यावा. उबुंटू ‘सेफ ग्राफिक्स’ने बसवले की हा शब्द बूटच्या ओळीत जातो, बऱ्याचदा तिथेच राहतो, आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड हाताळूच देत नाही. ग्रब या यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलीतून तो काढून अपडेट-ग्रब चालवले की काम होते. दुसरे कारण सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले प्रोग्रॅम अडवणारी सोय: एन्व्हिडियाच्या मॉड्यूलवर (ड्रायव्हरच्या भागावर) सही नसली, किंवा बसवल्यानंतर यंत्र पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर विचारलेली किल्ली नोंदवली नाही, तर कर्नल ते मॉड्यूल नाकारतो. तिसरे, कार्ड नवे आणि कर्नल, मेसा किंवा फर्मवेअर जुने. एलएसपीसीआय छोट्या के पर्यायाने चालवले की ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ येते. ती नसेल तर चूक मेसात नाही, त्याच्या खालच्या थरात आहे.

जीएलएक्सगिअर्स या छोट्या प्रोग्रॅमच्या फिरत्या चाकांवर विसंबू नये. ते बेंचमार्क, म्हणजे वेगाचे मोजमाप, नव्हेच. काही वितरणांनी तर वैतागून, आकडा हवा असेल तर ‘हे बेंचमार्क नाही हे मला मान्य आहे’ अशा अर्थाचा लांबलचक पर्याय टाइप करायला लावला होता. शिवाय मॉनिटरच्या गतीशी बांधलेले असले की उत्तम कार्डही सेकंदाला ६० च चित्रे दाखवते.

ब्राउझरने तेच केले. २०१२ च्या क्रोम १८ पासून जुन्या यंत्रांवर स्विफ्टशेडर हा त्यातला भाग वेबजीएलची, म्हणजे वेबपानांवरची त्रिमिती, चित्रे प्रोसेसरवर काढू लागला. क्रोमच्या जीपीयू पानावर प्रत्येक कामापुढे ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड’ की ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ हे वेगवेगळे लिहिलेले असते, आणि ते वेगवेगळेच वाचायला हवे. चित्र कार्डावर आणि व्हिडिओ प्रोसेसरवर, असे सर्रास होते. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या २०२२ च्या कार्डांत एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ उलगडण्याची सोयच नाही. तिथे ड्रायव्हर कितीही वेळा बसवला तरी फरक पडणार नाही.

पुण्यात असेंबल्ड पीसी घेणाऱ्यांत इंजिनिअरिंगची मुले आणि ड्रॉइंगची कामे घेणारे बरेच असतात. त्यांनी प्रोग्रॅमलाच विचारावे. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही आज्ञा हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का ते दाखवते. सॉलिडवर्क्समध्ये एकही फाइल उघडी नसताना परफॉर्मन्स पर्यायांत ‘युज सॉफ्टवेअर ओपनजीएल’ पाहावे. खूण लागलेली आणि पुसट, म्हणजे बदलता न येणारी असेल, तर त्या प्रोग्रॅमने कार्ड किंवा ड्रायव्हर स्वीकारलेला नाही.

आता असेंबल्डचे स्वतःचे दुखणे. ब्रँडेड यंत्रात जोडण्या कारखान्यात ठरतात, इथे त्या आपण किंवा दुकानदार ठरवतो. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टमध्ये. इंटेलच्या एफ अक्षराच्या (ऑनबोर्ड ग्राफिक्स नसलेल्या) प्रोसेसरवर पडदा काळा राहतो, म्हणून चूक लगेच कळते. ऑनबोर्ड ग्राफिक्स असलेल्यावर सगळे ‘चालते’. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ आणि आठ पिनांची १५० वॅट देते. ती लावायची राहिली तर पंखे फिरतात, कार्ड उठत नाही. लांबीने पूर्ण दिसणारा खालचा स्लॉट बऱ्याच बोर्डांवर चारच लेनचा (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांचा) असतो. आरएक्स ६५०० एक्सटी तर मुळातच चार लेनचे कार्ड. ते रायझेन ५६००जीबरोबर लावले की जोडणी स्लॉटच्या मानकाच्या जुन्या आवृत्तीवर, पीसीआय एक्सप्रेस ३.० वर, उतरते आणि सेकंदाला जेमतेम ४ जीबी जातात, कारण ५६००जी ४.० देतच नाही. साधा ५६०० देतो. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बस इंटरफेससमोरचा आकडा निवांत असताना १.१ दिसला म्हणून घाबरू नये. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून भार द्यावा आणि मग वाचावा.

वापरलेले कार्ड घेताना तर हे करावेच. एन्व्हिडियाच्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयच्या जुन्या चिपवर खोटे बायोस (कार्डातला मूळ प्रोग्रॅम) चढवून ती १०५० टीआय म्हणून विकली जात होती. जीपीयू-झेड २०१८ पासून अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असे लिहितो. १०५० टीआय म्हणून दिलेल्या कार्डावर निळे व्हीजीए पोर्ट दिसले, तर त्याआधीच शंका घ्यावी, कारण त्या पिढीच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल काढून टाकलेला होता. दुकानदाराला काउंटरवरच मॉनिटर लावून हे दाखवायला सांगावे, आणि बिलावर नुसते ‘४ जीबी कार्ड’ न लिहिता पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर घ्यावा.