हालचाली गाळा, क्लिक सांभाळा: इव्हेंटच्या रांगेची पार्श्वभूमी

क्लिक झाला, कळ दाबली, अशा प्रत्येक घटनेची नोंद म्हणजे इव्हेंट; प्रोग्रॅम हाताळेपर्यंत ती रांगेत थांबते. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशमध्ये या रांगेत साधारण २० नोंदी मावत. रांग भरली की सर्वांत जुनी नोंद टाकून दिली जाई. एवढ्याशा जागेत टायपिंग आणि क्लिक सांभाळायचे, तर रांगेत काय येऊ द्यायचं नाही हे आधी ठरवणं भाग होतं. म्हणून माउस नुसता हलला तर इव्हेंटच तयार होत नसे. कर्सर कुठे आहे ते प्रोग्रॅमने स्वतः विचारायचं. कळ दाबल्याची नोंद व्हायची, सोडल्याची मात्र सिस्टीमचा मास्क (कुठले इव्हेंट रांगेत घ्यायचे ते ठरवणारी गाळणी) अडवायचा. ज्याला हवी त्याने मास्क बदलून घ्यायचा. विंडो पुन्हा रंगवण्याची सूचना तर या रांगेत कधी बसायचीच नाही. विंडोचा कुठला भाग शिळा झालाय याची खूण तेवढी ठेवली जायची, आणि क्लिक-टायपिंग हाताळून झालं की मग ती सूचना प्रोग्रॅमच्या हाती पडायची.

१९८५ साली आलेल्या विंडोजचं धोरणही याच्या जवळपासचं. रंगवण्याचे आणि टायमरचे संदेश सर्वांत शेवटी, बाकी काही शिल्लक नसेल तेव्हा. माउसच्या बऱ्याच हालचाली साचल्या, तर प्रोग्रॅमला एकच मिळणार, ताज्या जागेची. यामागचा विचार मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. हालचालीतून फक्त सध्याची जागा कळते. नवी आली की जुनीचं काम संपलं. क्लिक ही माणसाने केलेली कृती आहे, आणि दोन क्लिकचा एक करण्याचा अधिकार सिस्टीमला नाही.

विंडोज ३.१ पर्यंत मात्र सगळ्या प्रोग्रॅम्सच्या इनपुटची वाट एकच होती. क्लिकने फोकस, म्हणजे टायपिंग ज्या विंडोकडे जातं ती, बदलतो, त्यामुळे पुढच्या कळा कुणाकडे जाणार हे तो क्लिक हाताळल्याशिवाय कळत नाही. म्हणून सगळं क्रमाने. परिणाम असा, की एक प्रोग्रॅम अडकला की दुसऱ्यांच्या विंडोवरचे क्लिकही ताटकळत. १९९३ च्या विंडोज एनटीने इनपुटच्या रांगा वेगळ्या केल्या, तेव्हा ही कोंडी फुटली.

थांबवून ठेवण्याची सर्वांत देखणी रचना माझ्या मते एमआयटीत घडलेल्या एक्स विंडो सिस्टीमची, म्हणजे १९८७ च्या एक्स-११ ची. मागे पडलेल्या विंडोवर तुम्ही क्लिक करता. विंडो मॅनेजरने, म्हणजे विंडो मांडणाऱ्या-हलवणाऱ्या प्रोग्रॅमने, माउसच्या त्या बटणावर आधीच ‘सिंक्रोनस ग्रॅब’ लावलेला असतो. क्लिक त्याच्याकडे येतो आणि सर्व्हर (स्क्रीन, माउस आणि कीबोर्ड सांभाळणारा एक्सचा मुख्य प्रोग्रॅम) माउसचे पुढचे इव्हेंट गोठवतो. मॅनेजर विंडो वर आणतो, तिला फोकस देतो आणि सर्व्हरला सांगतो, ‘रिप्ले’. मग तोच क्लिक, जणू मध्ये कुणी अडवलाच नव्हता अशा रीतीने, मूळ प्रोग्रॅमकडे जातो. गोठलेल्या काळात माउसचं जे काही झालं तेही क्रमाने मागून येतं.

एक्समध्ये नंतर कीबोर्डसाठीही गाळणी आली. प्रोग्रॅमने प्रत्येक इव्हेंट आधी इनपुट मेथडच्या, म्हणजे कळांपासून अक्षरं जुळवणाऱ्या सोयीच्या, फिल्टरला दाखवायचा. इनपुट मेथडने तो उचलला तर प्रोग्रॅमने सोडून द्यायचा. चिनी-जपानी लिपींसाठी ही सोय अत्यावश्यक होती. लिनक्सवर रोमन कळांनी मराठी लिहिताना ‘क्ष’ पूर्ण होईपर्यंत सुट्या कळा प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाहीत, त्यामागेही हीच कल्पना आहे.

वेबवर हे शहाणपण पुन्हा नव्याने शिकावं लागलं. २०११ मध्ये ट्विटरचं पान स्क्रोल करताना अडखळू लागलं, कारण स्क्रोलच्या प्रत्येक इव्हेंटला जड काम जोडलेलं होतं. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे कर्ते जॉन रेसिग यांनी तेव्हा सुचवलं, की हँडलरमध्ये (इव्हेंट आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) फक्त खूण करा आणि दर २५० मिलिसेकंदांनी ती तपासा. ‘थ्रॉटल’ (ठरावीक वेळात एकदाच काम करणं) आणि ‘डिबाउन्स’ (इव्हेंट थांबेपर्यंत वाट पाहून मग काम करणं) हे शब्द त्या सुमारास वेबपानं बनवणाऱ्या फ्रंटएंडवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात आले. मोबाइलवर उलटा त्रास होता: दोनदा टॅप करून झूम करायचंय का, हे कळण्यासाठी ब्राउझर प्रत्येक टॅप सुमारे ३०० मिलिसेकंद रोखून धरायचे. मोबाइलसाठी बांधलेल्या पानांपुरती ही वाट पाहणं क्रोमने २०१४ मध्ये बंद केलं.

२०१७ मध्ये क्रोमने माउस-बोटाच्या हालचाली एकत्र करून फ्रेममागे, म्हणजे स्क्रीन नव्याने रंगवण्याच्या प्रत्येक वेळी, एकदाच द्यायला सुरुवात केली. चित्रं काढण्याच्या ॲप्सना ते परवडणारं नव्हतं, कारण मधले बिंदू गेले की वळणदार रेघ कोनाकोनांची दिसते. त्यांच्यासाठी एकत्र केलेल्या हालचाली पुन्हा सुट्या मागून घेण्याची सोय पॉइंटर इव्हेंट्स या माउस, बोट आणि पेनसाठीच्या वेब-मानकात करण्यात आली.