रॅटलस्नेकची आई पिल्लं टाकून जाते?

‘सापाला कसली माया? पिल्लं जन्मली की आई चालती होते,’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रॅटलस्नेकच्या बाबतीत तरी ते चूक आहे. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा अमेरिकेतला हा विषारी साप आपल्या चापड्याचा नातेवाईक. तो अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो.

अ‍ॅरिझोनात हॅरी ग्रीन आणि डेव्हिड हार्डी यांनी काळ्या शेपटीच्या रॅटलस्नेकच्या शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवून वर्षानुवर्षं माग काढला, तेव्हा आई पिल्लांपाशीच थांबलेली दिसली. कपारीच्या तोंडाशी तिचं वेटोळं आणि अंगाला चिकटून उन्हाला आलेली पिल्लं. त्यांच्या शेपटीला तेव्हा एकच गाठ असते, ती वाजतही नाही. साधारण आठवडा-दहा दिवसांत पिल्लं पहिली कात टाकतात. मगच आई शिकारीला निघते. तेही गाभण असताना जवळपास उपाशी राहिल्यावर! भरवत मात्र ती नाही, हेही खरं.

मग गैरसमज टिकला कसा? पूर्वीचे अभ्यासक बहुधा साप पकडून न्यायचे नाहीतर बाटलीत ठेवायचे. माणसाची चाहूल लागली की कुटुंब कपारीत शिरतं. दिवसेंदिवस लांबून पाहत बसल्याशिवाय हे दिसणारच नव्हतं. आता काही ठिकाणी बिळांसमोर आपोआप फोटो काढणारे कॅमेरेच लावतात.